यूरिया सेंद्रिय की असेंद्रिय? (अकरावीचं जीवशास्त्र आणि थोडं पुढचं)

सावनी_क

नमस्कार मंडळी,

लेक अकरावी सायन्सला आहे आणि मी कॉमर्सवाली. त्यामुळे घरात सध्या वाद भरपूर, उत्तरं कमी. परवाच्या चाचणीत एक यादी देऊन सेंद्रिय आणि असेंद्रिय असे गट करायला सांगितले होते: ग्लुकोज, पाणी, मीठ, ग्लायसीन, कार्बन डायऑक्साइड, कॅल्शियम कार्बोनेट, यूरिया. वहीत नियम लिहून दिलाय की रेणूत कार्बन-हायड्रोजन बंध असेल तर सेंद्रिय, नसेल तर असेंद्रिय. पोरीने यूरियाची रचना काढून पाहिली. मधे कार्बन, त्याला एक ऑक्सिजन आणि दोन नायट्रोजन. हायड्रोजन चार आहेत, पण चारही नायट्रोजनला चिकटलेले. मग तिने असेंद्रिय लिहिलं आणि गुण गेला. विचारायला गेली तर "यूरिया सेंद्रियच, पाठ कर" म्हणून परत पाठवलं.

गुणाचं काही नाही हो, पण ती हट्टाला पेटलीय. नियम खरा असेल तर यूरिया आत कसा? आणि कार्बन असूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर का? माझा स्वतःचा प्रश्न त्याहून बाळबोध आहे: शरीराला या गटांशी काही देणंघेणं असतं का, की ही नुसती पुस्तकातली कप्पेबंदी?

खडू_फळा

सावनीताई, मुलीने वहीतला नियम नीट लावला. नियमच आखूड आहे.

ऑक्झॅलिक आम्ल घ्या. दोन कार्बन एकमेकांना जोडलेले, हायड्रोजन दोन्ही ऑक्सिजनवर. कार्बन-हायड्रोजन बंध एकही नाही. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये तर हायड्रोजनच नाही. तरी दोन्ही सेंद्रिय रसायनातच शिकवतात. वर्गात चाळीस वर्षं आम्ही सांगत आलो ते असं: कार्बनची संयुगं ती सेंद्रिय, आणि त्यातून एक छोटी यादी वजा करायची. कार्बनचे ऑक्साइड, कार्बोनेट, बायकार्बोनेट, सायनाइड, कार्बाइड. ही वजाबाकी तर्कातून आलेली नाही, इतिहासातून आली. चुनखडी, सोडा, कोळशाचा धूर या गोष्टी 'खनिज' म्हणून आधीच माहीत होत्या, त्या तिकडेच राहिल्या.

आणि यूरिया म्हणाल तर या इतिहासाचा नायकच तो. लघवीतून तो 1773 मध्ये रुएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने वेगळा केला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्झेलियससारख्या मोठ्या रसायनतज्ज्ञाची धारणा अशी होती की सजीवात सापडणारे पदार्थ बनायला काहीतरी 'जीवनशक्ती' लागते. 1828 मध्ये त्याचाच शिष्य व्होलर सिल्व्हर सायनेट आणि नवसागर घेऊन अमोनियम सायनेट बनवायला बसला आणि हाती आला यूरिया. त्याने गुरूला पत्र लिहून कळवलं की माणसाचं असो वा कुत्र्याचं, मूत्रपिंडाशिवाय मला यूरिया करता येतो. पत्राची तारीख 22 फेब्रुवारी 1828.

पाठ्यपुस्तकं इथे सांगतात की त्या दिवशी जीवनशक्ती संपली. तसं काही झालं नाही. टीकाकार म्हणाले, तुझं सायनेट तरी कुठून आलं? त्या काळी ते शिंगं, खुरं, रक्त भाजून मिळणाऱ्या क्षारापासून करत, म्हणजे मूळ पुन्हा प्राण्यातच. 1845 मध्ये कोल्बेने कार्बन डायसल्फाइडपासून पायरीपायरीने ॲसिटिक आम्ल केलं, तेव्हा कुठे ही शंका विरू लागली. तेव्हा तुमच्या लेकीचा वाद फार जुना आणि खानदानी आहे, तिला सांगा.

तिरका_डोळा

म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या भांडणात कोण कुठल्या बाजूला बसलं यावर आज पोरांचे गुण कापतात. छान.

अवांतर: परवा मॉलमध्ये "ऑरगॅनिक सैंधव मीठ" पाहिलं. त्यात कार्बन कुठे शोधायचा, सर?

खडू_फळा

पिशवीत. प्लॅस्टिकची असेल.

मिशिगनची_माई

😄 सर!

सावनी, तुझा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला, म्हणून लिहायला बसले. (मी जीवरसायनात काम करते. इथे रात्रीचे अकरा वाजलेत.)

शरीराला गटाचं नाव कळत नाही, पण एक गोष्ट नक्की कळते: या कार्बनकडून अजून काही वसूल करता येईल का. ग्लुकोजमधल्या कार्बनकडे हायड्रोजन आहेत, इलेक्ट्रॉन आहेत. श्वसनात पेशी ते एकेक करून काढते, शेवटी ऑक्सिजनला देते आणि वाटेत मिळणाऱ्या ऊर्जेतून एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बनवते. सगळं काढून झालं की जे उरतं ते कार्बन डायऑक्साइड. त्याच्या कार्बनकडे द्यायला काही शिल्लक नाही, म्हणून आपण तो बाहेर सोडतो. कार्बोनेट, बायकार्बोनेट त्याच अवस्थेतले. त्यामुळे सर म्हणतात ती 'वजा यादी' इतिहासातून आली असली तरी जीवशास्त्राच्या दृष्टीने ती अगदीच अडाणी नाही. त्यातल्या मोठ्या सदस्यांचा कार्बन जळून गेलेला आहे.

झाडं उलटा व्यवहार करतात. उन्हाच्या ऊर्जेवर पाण्यातले इलेक्ट्रॉन काढून कार्बन डायऑक्साइडवर चढवतात, की झाली साखर. तो रस्ता शोधल्याबद्दल मेल्विन केल्विनला 1961 चं नोबेल मिळालं. काही जीवाणूंना ऊनही लागत नाही. ते अमोनिया, गंधक, लोह असल्या असेंद्रिय वस्तू 'खाऊन' तेच काम करतात. विनोग्राद्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे दाखवलं तेव्हा लोकांना खरं वाटेना.

आता यूरिया. त्याच्या कार्बनची अवस्था बघितली तर ती तंतोतंत कार्बन डायऑक्साइडमधल्यासारखीच आहे. पूर्ण ऑक्सिडीकृत. यकृतात यूरिया बनतो तेव्हा एक नायट्रोजन अमोनियाचा येतो, दुसरा अस्पार्टेट या अमिनो आम्लाचा, आणि कार्बन येतो बायकार्बोनेटमधून. म्हणजे यूरियाचा कार्बन आलाय असेंद्रिय घरातून आणि जाणारही तिकडेच. आपल्याला त्यातून ऊर्जा म्हणून काहीही मिळत नाही.

तेव्हा परीक्षेत सेंद्रियच लिहायचं, संकेत तसा आहे. पण तुझ्या लेकीला यूरिया वेगळा वाटला यात काही चूक नाही. तो आहेच उंबऱ्यावरचा.

सावनी_क

माई, हे तिला वाचून दाखवलं. चेहरा बघण्यासारखा होता. "बघ, मी बरोबर होते" असं आता दिवसभर ऐकावं लागणार.

बांधावरचा

नमस्कार. वरुडकडचा संत्रावाला आहे, केमिस्ट्री बारावीला सोडली. पण यूरियाचा विषय निघाला की आम्हाला बोलावंच लागतं.

आमच्याकडे माती परीक्षणाच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब' (कर्ब म्हणजे कार्बनच) नावाचा रकाना असतो. 0.5 टक्क्याच्या खाली आला की कमी. माझा दरवर्षी कमीच येतो. गंमत म्हणजे माझ्या वावरात कर्ब रग्गड आहे! चुनखड आहे ना खाली. मातीवर ॲसिडचे थेंब टाकले की फसफसते, तो कर्बच निघतो म्हणे गॅस होऊन. मग तो मोजत काऊन नाही?

आणि दुसरं, यूरिया जर सेंद्रिय, तर दरसाल पोत्यांनी टाकतो तरी माझा सेंद्रिय कर्ब वाढत का नाही? विनोद नाही करत, खरंच विचारतो.

खडू_फळा

वा! हा प्रश्न मी प्रात्यक्षिक परीक्षेत विचारायला हवा होता.

प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब बहुतेक वेळा वॉकली-ब्लॅक पद्धतीने काढतात. माती घेऊन त्यात पोटॅशियम डायक्रोमेट आणि वर तीव्र गंधकाम्ल. मिश्रण आपोआप तापतं आणि मातीतला जेवढा कर्ब ऑक्सिडीकरण होऊ शकतो तेवढा डायक्रोमेट खर्च होतो. उरलेला डायक्रोमेट मोजला की हिशोब लागला. तुमच्या चुनखडीतला कर्ब आधीच पूर्ण ऑक्सिडीकृत आहे. आम्लाने तो गॅस होऊन उडून जातो, पण डायक्रोमेटचा एक कणही खात नाही. म्हणून मोजला जात नाही. माईंनी पेशीबद्दल जे सांगितलं तेच इथे काचेच्या चंबूत घडतं.

मोजू नये हेच बरोबर आहे. मातीतले जीवाणू तोच कर्ब खातात जो जाळता येतो: शेणखत, पालापाचोळा, मुळांचे अवशेष. चुनखडीवर त्यांचं पोट भरत नाही.

मिशिगनची_माई

आणि दादा, यूरियाचं उत्तर: 45 किलोच्या गोणीत साधारण 9 किलो कर्ब असतो. पण मातीत यूरियेज नावाचं एन्झाइम सगळीकडे असतं. ते ओलीत काही दिवसांत यूरियाचे दोन तुकडे करतं, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड. तुमचा 9 किलो कर्ब हवेत गेला. नत्र तेवढा राहिला, तोही सगळा नाही. यूरिया वरवर फेकून वरून पाणी नाही दिलं तर अमोनियाही उडतो, चुनखडीच्या जमिनीत तर जास्तच. राहिलेल्या अमोनियाचं जीवाणू नायट्रेट करतात. गोणीवरचं कडुनिंबाचं आवरण त्याच जीवाणूंचा वेग कमी करायला आहे. शेवटी मूळ जे उचलतं ते बहुतांशी अमोनियम किंवा नायट्रेट, म्हणजे असेंद्रिय आयन. शेणखतातला नत्रसुद्धा जवळपास सगळा याच दारातून झाडात शिरतो, फक्त सावकाश.

बांधावरचा

म्हणजे शेणखत कर्बासाठी आणि यूरिया नत्रासाठी, दोघांची तुलनाच नको. आमचा म्हातारा हेच म्हणायचा, पण त्याला डायक्रोमेट माहीत नव्हतं.

चुनखडीचं अजून एक दुखणं. लोह जमिनीत असून संत्र्याला भेटत नाही, नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. हिराकस जमिनीत टाकली तर वाया जाते, फवारली तर काम करते. कृषी केंद्रवाला चिलेटेड लोह घ्या म्हणतो, तिप्पट भावाने. त्यात काय असते?

मिशिगनची_माई

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, सरळ असेंद्रिय क्षार. अल्कधर्मी मातीत पडलं की त्यातल्या लोहाचं न विरघळणारं हायड्रॉक्साइड होतं, मूळ त्याला हात लावू शकत नाही. चिलेटमध्ये तेच लोह एका सेंद्रिय रेणूने चारी बाजूंनी धरून ठेवलेलं असतं, म्हणून ते विरघळलेलं राहतं. पण कुठला रेणू ते पिशवीवर वाचून घ्या. ईडीटीए असेल तर जास्त सामूच्या (पीएचच्या) चुनखड जमिनीत त्याची पकड सुटते. ईडीडीएचए टिकतं, तेच महाग असतं. फवारणीला हिराकस चालत असेल तर चालू द्या.

धातूला सेंद्रिय पिंजऱ्यात धरायची युक्ती जीवसृष्टीत जागोजागी आहे. हिमोग्लोबिनमधलं लोह, हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम, बी-12 मधला कोबाल्ट. बी-12 तर अफलातून रेणू. मधे कोबाल्ट, भोवती प्रचंड मोठं सेंद्रिय कडं. डोरोथी हॉजकिनने क्ष-किरणांनी त्याची रचना 1956 मध्ये उलगडली. आणि आपण गोळीत घेतो त्या सायनोकोबालामिनमध्ये कोबाल्टला एक सायनाइड लटकलेलं असतं! सरांच्या 'वजा यादी'तला सदस्य थेट जीवनसत्त्वाच्या कुशीत. (घाबरू नका, मात्रा नगण्य असते.)

ओपीडी_नंतर

उशिरा आलो. यूरियाचा माझाही रोजचा संबंध.

पेशंट दोन रिपोर्ट घेऊन येतात. एकावर "ब्लड यूरिया 42", दुसऱ्या लॅबच्या कागदावर "बीयूएन 19.6" (ब्लड यूरिया नायट्रोजन). आणि म्हणतात, डॉक्टर, आठवड्यात निम्मं झालं, पथ्य लागू पडलं! काहीही झालेलं नसतं. दुसऱ्या लॅबने अख्खा यूरिया न मोजता त्यातला फक्त नायट्रोजन लिहिलेला असतो. बीयूएनला 2.14 ने गुणलं की यूरिया येतो.

वर बांधावरच्या दादांच्या गोणीवर 46 टक्के नत्र लिहिलेलं असतं. 100 भागिले 46 करून बघा.

बांधावरचा

2.17. डॉक्टर, तुमच्यात आणि कृषी केंद्रात फरक नाही मग!

खडू_फळा

शुद्ध यूरियात नायट्रोजन 46.67 टक्के, रेणुभार 60 पैकी 28. त्याने भागा, बरोबर 2.14 येईल. गोणीवर पुढचे अंक सोडून देतात.

ओपीडी_नंतर

सर, आता जरा हाडांकडे येतो, कारण सावनीताईंच्या "शरीराला फरक पडतो का" या प्रश्नाचं सगळ्यात ढळढळीत उत्तर तिथे आहे.

हाडाच्या वजनातला दोन तृतीयांशाच्या आसपास भाग असेंद्रिय: कॅल्शियम आणि फॉस्फेटचं खनिज, हायड्रॉक्सीॲपेटाइट. उरलेल्यात थोडं पाणी आणि बाकी मुख्यतः कोलॅजन हे प्रथिन. खनिजामुळे हाड दबत नाही, कोलॅजनमुळे तडकत नाही. दोन्हींपैकी एक काढून घेतलं तर काय होतं हे घरी दिसतं. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये बुडवा, दोनेक दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवड्याभरात आम्ल खनिज विरघळवून नेतं आणि हाड रबरासारखं वाकतं. आकार तसाच, पण नुसतं कोलॅजन. उलट दुसरं हाड विस्तवात चांगलं भाजलं तर कोलॅजन जळून जातं. तेही आकाराने तसंच राहतं, पण बोटांनी चुरगळतं.

हेच दोन प्रकार दवाखान्यात माणसांत दिसतात. मुडदूस झालेल्या मुलात खनिज कमी भरतं, पायाची हाडं धनुकलीसारखी वाकतात. आणि ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा या आनुवंशिक आजारात कोलॅजन बिघडलेलं असतं, हाडं जरा धक्क्याने मोडतात. कॅल्शियम कितीही खा, दुसऱ्या आजाराचं मूळ हलत नाही. "हाडं म्हणजे कॅल्शियम" एवढंच डोक्यात बसलेल्या पालकांना हे समजावताना फार वेळ जातो.

उकडीचा_मोदक

आम्ही शाकाहारी, कोंबडीचं हाड कुठून आणू :(

ओपीडी_नंतर

मग मुतखड्यावर या, तो शाकाहाऱ्यांनाही होतो.

बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे. काही यूरिक ॲसिडचे. यूरिक ॲसिड पूर्णपणे सेंद्रिय: कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, सगळे हलके अणू. त्यामुळे साध्या एक्स-रेत तो खडा दिसतच नाही, आजूबाजूच्या मांसासारखाच पारदर्शक. कॅल्शियमचा खडा हाडासारखा पांढरा चमकतो. पेशंट कळवळतोय आणि एक्स-रे कोरा, असं झालं की सोनोग्राफी किंवा सीटी करावी लागते. उपचारही वेगळे. लघवीचं आम्लपण औषधाने कमी केलं तर यूरिक ॲसिडचा खडा बऱ्याचदा विरघळतो. ऑक्झॅलेटचा तसा विरघळत नाही. तो लहान असेल तर पडायची वाट बघायची, मोठा असेल तर फोडायचा.

उकडीचा_मोदक

ऑक्झॅलेट म्हणजे अळूत खाजतं तेच ना? मग ते सेंद्रिय की असेंद्रिय? सरांनी वर ऑक्झॅलिक आम्ल सेंद्रिय म्हटलंय, आणि कॅल्शियम तर खनिज.

खडू_फळा

तेच. अळूच्या पानात, कंदात कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांचे जुडगे असतात, ते घशात टोचतात. सेंद्रिय आम्लाचा कॅल्शियम क्षार, म्हणून रसायनवाले त्याला सेंद्रियात धरतात. खनिजवाले त्याला खनिज म्हणतात आणि खनिजांच्या यादीत सेंद्रिय खनिजांचा वेगळा वर्ग ठेवून त्यात बसवतात. मला विचाराल तर तापवून बघा. तापमान वाढवत नेलं की कार्बन मोनॉक्साइड सोडून त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, आणखी तापवलं की चुना. एकाच मुशीत तुमच्या डोळ्यांदेखत तो सेंद्रियातून असेंद्रियात जातो.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ही राखेचीच कसोटी वापरतात. ऊती वाळवायची, वजन करायचं, 550 अंशांच्या आसपास भट्टीत जाळायची. सेंद्रिय भाग कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होऊन निघून जातो, मागे राख राहते. तीत कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, फॉस्फरस, सिलिका. तांदळाच्या दाण्यात राख जेमतेम अर्धा-एक टक्का, आणि त्याच भाताच्या तुसात सुमारे वीस टक्के, बहुतेक सिलिका. तूस गुरं नीट खात नाहीत त्याचं एक कारण हे. नाचणीत राख तांदळाच्या कितीतरी पट, तिचं कॅल्शियम त्यातच.

यात एक खाच आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. राखेत निघालेला प्रत्येक अणू जिवंतपणी 'असेंद्रिय' म्हणून वावरत होता असं नाही. डीएनएतला फॉस्फरस साखरेला जोडलेला होता, प्रथिनातलं गंधक अमिनो आम्लात होतं. जाळल्यावर ते फॉस्फेट, सल्फेट होऊन राखेत बसले. राख सांगते कोणती मूलद्रव्यं होती. ती कुणाच्या संगतीत होती ते सांगत नाही.

तिरका_डोळा

सर, राखेचं पटलं. आता माझा खरा प्रश्न. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक फॉरवर्ड येतो: शरीर फक्त सेंद्रिय क्षार पचवतं, असेंद्रिय क्षार विष, म्हणून आरओचं पाणी प्या, अमुक गोळ्या घ्या. याला काही अर्थ आहे?

मिशिगनची_माई

नाही. मिठातलं सोडियम, पाण्यातलं कॅल्शियम आयन रूपातच शोषलं जातं. रक्तात सोडियम लिटरला 135 ते 145 मिलिमोल ठेवायला मूत्रपिंडं रात्रंदिवस राबतात. ते 'असेंद्रिय' सोडियम काढून घेतलं तर माणूस बेशुद्ध पडतो.

पण फॉरवर्डच्या उलट नियमही करू नका. पाऱ्याचं बघा. फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा चुकून गिळला तर आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही (त्याची वाफ मात्र धोक्याची). त्याच पाऱ्याला एक मिथाइल गट जोडला की मिथाइलमर्क्युरी, ते नव्वद टक्क्यांहून जास्त शोषलं जातं आणि मेंदूत शिरतं. जपानमधल्या मिनामाता उपसागराकाठच्या लोकांनी मासे खाल्ले आणि 1956 मध्ये तो आजार जगापुढे आला. इथे सेंद्रिय रूप घातक.

आर्सेनिकचं नेमकं उलटं. बंगालच्या भूजलात सापडतं ते असेंद्रिय आर्सेनिक, त्याने त्वचेवर चट्टे येतात, कॅन्सर होतो. माशांत आणि कोळंबीत आर्सेनिक असतं ते बहुतांशी आर्सेनोबीटेन या सेंद्रिय रूपात, ते जसंच्या तसं लघवीवाटे निघून जातं. म्हणूनच लघवीत नुसतं 'एकूण आर्सेनिक' तपासलं आणि आदल्या दिवशी सुरमई खाल्ली असेल तर रिपोर्ट उगाच भीतीदायक येऊ शकतो.

तिरका_डोळा

हे ग्रुपवर टाकतो. मला काढून टाकतील, पण टाकतो.

उकडीचा_मोदक

यूरियावर अजून एक. दुधात यूरिया घालतात ना भेसळीला, तो घरी ओळखता येतो म्हणे तुरीच्या डाळीने? हे खरं की तोही फॉरवर्डच?

मिशिगनची_माई

खरं आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या घरगुती चाचण्यांमध्येच आहे ती. चमचाभर दुधात अर्धा चमचा कच्च्या तुरीच्या डाळीचं किंवा सोयाबीनचं पीठ घालून नीट हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग लाल लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवायचा. निळा झाला तर यूरिया.

डाळीत यूरियेज असतं, मातीत असतं तेच काम करणारं. त्याने यूरियाचा अमोनिया केला की लिटमस निळा होतो. डाळ भाजलेली नको, एन्झाइम मरतं. आणि थोडा यूरिया गाई-म्हशीच्या दुधात मुळातच असतो, मर्यादा दहा लाखांत 700 भाग अशी आहे, तेव्हा किंचित निळसर छटेवरून दूधवाल्याशी भांडायला जाऊ नका.

याच यूरियेजने एक मोठा वाद मिटवला होता. एन्झाइम म्हणजे नेमका कुठला पदार्थ हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणाला माहीत नव्हतं. 1926 मध्ये जेम्स समनरने आपल्या अबईच्या जातभाई असलेल्या शेंगेच्या दाण्यांतून यूरियेजचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिन आहे हे दाखवलं. बरीच वर्षं मोठ्या लोकांनी ऐकलं नाही, नोबेल मिळालं 1946 मध्ये. आणि 1975 मध्ये कळलं की त्या प्रथिनाच्या गाभ्यात निकेलचे अणू आहेत, ते काढले तर यूरियेज बंद. म्हणजे समनरच्या स्फटिकात ते पहिल्या दिवसापासून बसले होते.

सावनी_क

लेक विचारतेय, मग एन्झाइमला कुठल्या गटात टाकायचं?

खडू_फळा

प्रथिन म्हणून सेंद्रियात. निकेल हा सहघटक, त्याला असेंद्रिय आयन म्हणायचं. कार्बन डायऑक्साइड रक्तातून वाहून नेण्याच्या कामातल्या कार्बोनिक अनहायड्रेजमध्ये जस्त असतं, तिथेही तसंच लिहायचं. आणि यूरियावर प्रश्न आला तर एक ओळ जोडायची: कार्बन-हायड्रोजन बंध नसूनही संकेताने सेंद्रिय. तपासणाऱ्याला कळलं तर पूर्ण गुण, नाही कळलं तरी 'सेंद्रिय' शब्दाला गुण द्यावाच लागतो.

उकडीचा_मोदक

शेवटचा प्रश्न, मग पळते. गुलाबाच्या कुंडीत मी केळीची सालं टाकते आणि शेजारच्या काकूंनी दिलेली अंड्याची टरफलं. कशाचा उपयोग जास्त? टरफल असेंद्रिय, म्हणजे झाडाला थेट मिळत असेल ना?

मिशिगनची_माई

असेंद्रिय असलं तरी विरघळायला हवं ना. टरफलात नव्वद टक्क्यांहून जास्त कॅल्शियम कार्बोनेट, साध्या पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. माती आम्लधर्मी असेल आणि टरफल पिठासारखं बारीक केलं असेल तर हळूहळू उपयोग होतो. कोकणातल्या लाल मातीत चालेल. केळीच्या सालीतलं पोटॅशियम मात्र आयन रूपातच असतं, साल कुजायला लागली की पाण्याबरोबर लगेच उतरतं. तिच्या बाकीच्या सेंद्रिय भागाला जीवाणूंनी आधी खाल्लं पाहिजे, म्हणून तुकडे करून मातीखाली दाबा, वर ठेवलीत तर चिलटं.

बांधावरचा

टरफलं आमच्या वरुडात नका पाठवू बाप्पा. चुनखड आधीच आहे, पाहिजे तर ट्रॉली भरून पाठवतो.